बिघाडाची चौकशी

कारखान्यात यंत्र बंद पडले की पहिला प्रश्न निघतो तो "पाळी कोणाची होती?" हा. "काय झाले?" हा प्रश्न त्याच्या मागून, सावकाश, चहापाणी उरकल्यावर येतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात कामगारांमध्ये वावरताना आम्ही हा क्रम इतक्या वेळा पाहिला आहे की, आता त्याचे नवल वाटत नाही. नवल वाटते ते हाच क्रम बारा-तेरा वर्षांची मुले घरच्या टेबलावर स्वतःविरुद्ध वापरताना पाहून. मुलगा पुस्तकातली आकृती पाहून सर्किट जोडतो, दिवा लागत नाही, आणि तो म्हणतो, "मला हे जमत नाही." आरोपी ठरला, शिक्षाही झाली, चौकशी मात्र झालीच नाही. सामान डब्यात जाते, डबा माळ्यावर जातो, आणि हाताने काही करून पाहण्याची एक हौस घरातून कायमची उठते.

ही चौकशी कशी करावी, एवढाच आमचा आजचा विषय आहे. आम्ही इंजिनियर नाही. शाळा लवकर सुटली; वीज शिकलो ती पाळी संपल्यावर इलेक्ट्रिशियन मित्रांशेजारी बसून आणि रद्दीच्या दुकानातून उचललेल्या पुस्तकांतून. तेव्हा गणित थोडे आणि मीटर जास्त, असे हे विवेचन होईल.

नवी मुंबईत कारखाने आधी आले आणि शहर मागून आले. औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालचे, सिडको १९७० सालची, आणि रेल्वे खाडी ओलांडून वाशीला पोचली ती १९९२ साली. त्यामुळे येथील पुष्कळ घरांत बाप कोठल्या ना कोठल्या यंत्रावर उभा असतो आणि मुलाला तारा जोडण्याची आवड असते. सामान आणायला ही मुले हार्बरच्या गाडीने निघतात, दोनदा गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात आणि लॅमिंग्टन रोड गाठतात. त्या रस्त्याला डॉ. दादासाहेब भडकमकरांचे नाव देऊन कैक वर्षे लोटली, पण रेझिस्टर मागणाऱ्याच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे. आता सामान घरपोचही येते. तरी "कशाला हवे?" असे विचारून भलती वस्तू घेऊ न देणारा दुकानदार पार्सलातून येत नाही.

मुलांचे लाडके प्रयोग साधारण तीन: लुकलुकणारा दिवा, दार उघडताच वाजणारी घंटा, आणि पाण्याची टाकी भरली की ओरडणारा बझर. आपण तिसरा घेऊ. गच्चीवरची टाकी वाहून जिन्यातून पाणी उतरणे ही आमच्या सोसायट्यांतली नित्याची घटना आहे.

रचना अशी. बॅटरी नऊ व्होल्टची. तिच्या धन टोकापासून बझर. बझरच्या दुसऱ्या टोकाला बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर. त्याचा एमिटर बॅटरीच्या ऋण टोकाला. धन टोकापासूनच दुसरी वाट निघते: आधी दहा हजार ओहमचा रेझिस्टर, मग टाकीत सोडलेली एक तार. तिच्यापासून बोटभर अंतरावर दुसरी तार, ती ट्रान्झिस्टरच्या बेसला. बेस आणि ऋण टोक यांच्यामध्ये एक लाख ओहमचा रेझिस्टर, म्हणजे टाकी कोरडी असताना बेस अधांतरी राहत नाही. पाणी दोन्ही तारांना भिडले की त्यातून एका मिलिअँपिअरचा काही अंश एवढाच प्रवाह बेसमध्ये शिरतो, आणि ट्रान्झिस्टर त्याच्या शंभरपट किंवा अधिक प्रवाह कलेक्टरातून सोडतो. तुर्भ्याच्या बाजारात मुकादमाने बोट हलवावे आणि माथाड्यांच्या टोळीने पोती उचलावीत, तसा हा प्रकार आहे. बझर वाजतो.

समजा, तारा पाण्यात बुडवल्या आणि बझर गप्प आहे. मुलगा आमच्याकडे येतो.

"काका, हे चालत नाही."

"चालत नाही म्हणजे काय होते, ते सांग."

"काहीच होत नाही."

"कोरडे असतानाही काही होत नाही आणि ओले केल्यावरही नाही? की आधी वाजत होते आणि मग थांबले?"

येथे मुलगा घुटमळतो, कारण त्याने ते पाहिलेलेच नसते. "चालत नाही" ही तक्रार नव्हे; तो निकाल आहे. तक्रार म्हणजे काय दिसले, काय ऐकू आले, केव्हापासून. बझर अगदीच मुका असेल तर एक दिशा, क्षीण कुंई करीत असेल तर बॅटरीकडे संशय, कोरडे असतानाही अखंड वाजत असेल तर दोन तारांमध्ये कोठे तरी ओल आहे किंवा ट्रान्झिस्टर आतून जोडला गेला आहे. अर्धे काम अचूक तक्रार लिहून घेण्यातच होते. आम्ही मुलांना एक वही ठेवायला लावतो. मुले कंटाळतात. पण मस्टर नसलेल्या कारखान्यात कोण हजर होते हे पुढे कोणालाच सिद्ध करता येत नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

मग हात न लावता नुसते पाहावे. आकृती शेजारी ठेवून एकेका जोडावर बोट फिरवावे. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. दुसऱ्या नंबराचा ट्रान्झिस्टर बसवला तर क्रम उलटाही असू शकतो, आणि दिसायला दोघे जुळे भाऊ असतात. रेझिस्टरचे रंग दिवसाच्या उजेडात वाचावेत. तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे दहा हजार. तपकिरी, काळा, पिवळा म्हणजे एक लाख. तपकिरी, काळा, तांबडा म्हणजे एकच हजार. रात्री पिवळ्या दिव्याखाली तांबडा आणि नारिंगी एकमेकांत असे मिसळतात की भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. संशय आला तर मीटर लावावे, डोळ्यांशी वाद घालू नये.

मीटरवरून आठवले. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम तिन्ही एकाच पेटीत मोजणारे ॲव्होमीटर १९२३ साली इंग्लंडात बाजारात आले. त्याची कल्पना डोनाल्ड मॅकॅडी नावाच्या पोस्टखात्यातल्या इंजिनियराची. टेलिफोनच्या तारा तपासताना वेगवेगळी उपकरणे वाहून नेण्याचा त्याला कंटाळा आला होता. ओझे वाहणाऱ्या माणसानेच ओझे कमी करण्याची युक्ती काढली, हे आम्हांस मनापासून आवडते. आज खिशात मावणारे मीटर विद्यार्थ्यालाही परवडते.

आता मोजमाप. आधी पोटोबा, मग विठोबा: पहिले माप बॅटरीचे. परंतु ते बॅटरी सर्किटला जोडलेली असताना आणि तारा पाण्यात असताना घ्यावे. थकलेली नऊ व्होल्टची बॅटरी मोकळी असताना आठ-साडेआठ व्होल्ट दाखवते आणि काम सांगितले की पाचावर येते. हजेरीपटावर सही करून गुल होणाऱ्या माणसासारखी ती असते. बॅटरी ठीक असेल तर त्याच टोकांचे व्होल्ट सर्किटच्या पट्टीवर पोचले आहेत का ते पाहावे. ब्रेडबोर्ड नावाच्या छिद्रांच्या फळीवर काही वेळा लांब पट्टी मधोमध तुटलेली असते. डावीकडे वीज आहे आणि उजवीकडे नाही, हे बाहेरून कळत नाही.

वीज पोचली आहे, तरी बझर मुका. आता कोठे मोजावे? नवशिका एका टोकाकडून सुरुवात करून जोडामागून जोड तपासतो. ते चूक नाही, पण वेळखाऊ आहे. पनवेलहून मुंबईला जाणाऱ्या गाड्या थांबल्या, तर बिघाड कोठे आहे हे काढायला आपण एकेका स्टेशनावर उतरत नाही; वाशीच्या माणसाला विचारतो. वाशीहून पुढे गाड्या सुटत असतील तर अडचण खाडीच्या अलीकडे, नसतील तर पलीकडे. आठ टप्प्यांची साखळी असेल तर मधोमध छेद घेत गेल्यास तीन मापांत दोषी टप्पा हाती लागतो.

आमच्या बझरमध्ये वाशी म्हणजे कलेक्टर. मीटरची काळी सळई बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून तांबडी कलेक्टरच्या पायावर लावावी. टाकी कोरडी असताना येथे जवळजवळ नऊ व्होल्ट दिसले पाहिजेत, कारण बझरमधून वीज आली आहे पण पुढची वाट बंद आहे. पाणी लागताच ते पाव व्होल्टाच्या आत उतरले पाहिजेत. तसे उतरत असतील आणि तरी बझर बोलत नसेल, तर ट्रान्झिस्टरने आपले काम केले आहे. बझर उलटा जोडला आहे किंवा बिघडला आहे. कोरड्या अवस्थेतच शून्य दिसले आणि बझरही गप्प असला, तर बझरची तारच तुटलेली असण्याचा संभव मोठा. ओले केल्यावरही नऊ राहिले तर अडचण बेसच्या बाजूला किंवा ट्रान्झिस्टरमध्ये आहे.

आता बेस मोजावा. तारा पाण्यात असताना तेथे सुमारे ०.७ व्होल्ट हवे. शून्य असेल तर पाण्याकडून निरोपच येत नाही: तार तुटली, रेझिस्टर भलताच लागला, किंवा तारांच्या टोकांवरचे इनॅमल खरवडायचे राहून गेले. बेसवर पाच-सहा व्होल्ट दिसले तर मुले खूश होतात, पण ते वाईट लक्षण आहे. धड ट्रान्झिस्टरचा बेस एमिटरपेक्षा इतका वर चढूच शकत नाही. म्हणजे एमिटर ऋण टोकाला जोडलेलाच नाही किंवा आतली वाट जळाली आहे. आणि बेसवर ०.७ असून कलेक्टर हलत नसेल तर ट्रान्झिस्टर बदलावा. त्याची किंमत चहाच्या कपाहून कमी आहे.

हे सर्व होईपर्यंत एक पथ्य कडक पाळायचे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुलगा घाईने ट्रान्झिस्टरही बदलतो, रेझिस्टरही बदलतो, बॅटरीही नवी घालतो, आणि बझर वाजू लागतो. आनंद होतो, पण दोषी कोण होते ते कळत नाही, आणि बिघडलेली वस्तू चांगल्यांबरोबर डब्यात परत जाऊन पुढच्या प्रयोगात पुन्हा भेटते.

ब्रेडबोर्डवर चाललेले सर्किट पक्के सोल्डर केल्यावर बंद पडते, ही दुसरी नेहमीची तक्रार. येथे बहुधा कोरडा डाग असतो. सोल्डर तांब्याला चिकटलेले दिसते, पण आत धातू धातूशी एकजीव झालेला नसतो. नेहमीचे साठ-चाळीस कथलाशिशाचे सोल्डर १८३ अंशांना मऊ होते आणि १९० च्या आसपास पुरते वितळते. मुले ते इस्त्रीच्या टोकावर वितळवून थेंब जोडावर सोडतात. जोड स्वतः थंडच असतो. आधी पाय आणि तांब्याची पट्टी दोन्ही तापवावीत, मग सोल्डरची तार जोडाला लावावी, इस्त्रीला नव्हे. चांगला डाग चकाकतो आणि कडेला पसरट उतरतो; वाईट डाग गोळीसारखा बसतो. शिशाविरहित सोल्डर मुळातच जरा निस्तेज दिसते, तेथे चकाकीवर निकाल देऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण शिसे पोटात गेलेले वाईट. धूर तोंडावर घेऊ नये. तो राळेचा असतो, आणि वर्षानुवर्षे घेतला तर त्याने दमा जडतो. १९७३ साली अंधेरीला सीप्झ निघाले, तेव्हापासून या मुंबई भागात बोर्डांवर डाग देणाऱ्या हातांत स्त्रियांचे हात फार मोठ्या संख्येने आहेत. टेबलावरचा धूर ओढून घेणारा पंखा हा त्यांच्या दृष्टीने चैनीचा विषय नाही. घरातही खिडकी उघडी ठेवावी.

आमच्या गावाचा एक खास शत्रू म्हणजे हवा. खाडीवरून येणारी खारी ओल पावसाळ्याचे चार महिने प्रत्येक जोडावर बसते. उघड्या तांब्यावर हिरवा थर चढतो. बोर्डावर राहिलेली राळ आणि धूळ ओल धरते, आणि जेथे वाट नको तेथे विजेला चोरवाट मिळते. मे महिन्यात शहाण्यासारखा वागणारा बझर जुलैत मध्यरात्री आपोआप ओरडू लागतो, तो यामुळे. जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुवावा, पूर्ण वाळवावा, आणि वर पारदर्शक वॉर्निशचा हात द्यावा.

टाकीतल्या तारांची गोष्ट याहून मौजेची आहे. सर्किट उत्तम चालते, शाळेच्या प्रदर्शनात शाबासकी मिळते, आणि काही महिन्यांनी टाकी वाहते तरी बझर गप्प! मुलगा पुन्हा ट्रान्झिस्टरवर संशय घेतो. वास्तविक दोष पाण्यात आहे. एकाच दिशेने वाहणारी वीज पाण्यातून जात राहिली की धन बाजूची तांब्याची तार झिजते, तिच्यावर थर साचतो, आणि अखेर तो थर वीज अडवतो. ज्या क्रियेने कारखान्यात मुलामा चढवतात तिचीच ही बहीण. उपाय दोन. तारांच्या टोकांना स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावावेत, आणि बझर वाजताच मोटर बंद करून पाण्याची पातळी तारांखाली आणावी, म्हणजे प्रवाह थोडाच वेळ वाहतो. धंदेवाईक उपकरणांत म्हणूनच पुष्कळदा दिशा बदलणारी वीज वापरतात.

ओलीबरोबर जीवजंतूही येतात. अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क टू या गणकयंत्राच्या रिलेत ९ सप्टेंबर १९४७ रोजी एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून ठेवला. आमच्याकडे पतंगापेक्षा मुंग्या आणि पाली यांचा उपद्रव जास्त. बिघडलेल्या पंपाच्या स्टार्टरमधून पाल निघणे ही बातमी राहिलेली नाही.

लुकलुकत्या दिव्याबद्दल थोडेच सांगतो. त्यात ५५५ नावाची आठ पायांची चकती असते. हान्स कॅमेंझिंड यांनी ती सिग्नेटिक्स कंपनीसाठी रचली आणि १९७२ साली ती बाजारात आली. ती गप्प असेल तर आधी चौथा पाय धन टोकाला जोडला आहे का पाहावे; तो मोकळा सोडला की ती लहरीप्रमाणे वागते. तिच्या जवळ, धन आणि ऋण यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा. हल्लीची मुले आर्डुइनोसारखे तयार बोर्ड आणतात. त्यांच्या निम्म्या तक्रारी दोनच असतात: मोटरची वीज बोर्डातूनच ओढल्यामुळे बोर्ड पुनःपुन्हा बेशुद्ध पडतो, आणि मोटरला वेगळी बॅटरी दिली तर दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एकत्र जोडायची राहून जातात. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तेथे शाळेत न रमलेली मुले असल्या वस्तू करीत करीत शिकतात. असे एखादे टेबल आमच्या प्रत्येक नोडमध्ये असावे, अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

ही रीत खेळण्यांपुरती आहे असे कोणी समजू नये. याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, एक दाबयंत्र तिसऱ्या पाळीत वारंवार थांबू लागले. चालकाला आरोपपत्र मिळाले: मुद्दाम काम मंदावल्याचे. आम्ही चौकशीत त्याच्या बाजूने बसलो. वक्तृत्वाने काही हलले नसते. त्याच्या सोबत्याने तीन आठवडे वहीत प्रत्येक थांब्याची वेळ लिहिली होती. यंत्र सुरू झाल्यावर साधारण ठराविक वेळाने थांबे, आणि थंड झाले की आपोआप चाले. चालक कोणीही असो. गरम झाल्यावर उघडणारा आणि गार झाल्यावर मिटणारा जोड, एवढाच त्याचा अर्थ होता. इलेक्ट्रिशियनने मर्यादा-स्विचच्या वाटेत मधोमध मीटर लावून ठेवले आणि यंत्र थांबले त्या क्षणी एका सैल चिमटलेल्या टोकावर सगळे व्होल्ट उभे राहिलेले व्यवस्थापकांना दाखवले. आरोपपत्र मागे घेतले गेले. टोक पुन्हा चिमटायला दहा मिनिटे लागली.

आता घरच्या २३० व्होल्टांविषयी, आणि येथे आम्ही जरा कठोर होतो. येथवर सांगितलेले सारे बॅटरीवरच्या कामाला लागू आहे. भिंतीतल्या विजेवर मुलाने एकट्याने काही उघडू नये. स्वस्त एलईडी दिव्यांत आणि काही चार्जरांत ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांचे सबंध सर्किट, ऋण टोकासकट, थेट तारेला जोडलेले असते. २३० व्होल्ट एकदिश केले की कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास चढतात, आणि प्लग काढल्यावरही काही काळ तेथे राहतात. घरात ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळतीरक्षक असावे, आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कारखान्यात जुने इलेक्ट्रिशियन फ्यूजचा दांडा काढून स्वतःच्या खिशात घालीत आणि मगच तारांना हात लावीत. आता कुलूप आणि पाटी लावतात. कंत्राटी पोराला "दोन मिनिटांचे काम आहे, चालूवरच कर" असे सांगणारा माणूस मात्र प्रत्येक पिढीत भेटतो. त्याला नाही म्हणावे, आणि ते लेखी म्हणावे.

राहता राहिले मीटर. ज्या साक्षीदारावर सगळी चौकशी उभी, त्याचीही परीक्षा आधी करावी. ओहमच्या खुणेवर दोन्ही सळया एकमेकींना टेकवल्या तर शून्याजवळचा आकडा यावा. न आल्यास सळईची तार आतून तुटली आहे किंवा मीटरची बॅटरी संपली आहे. नंतर ओळखीच्या नव्या बॅटरीचे व्होल्ट पाहावेत. तांबडी सळई अँपिअरच्या भोकात राहिलेली असताना व्होल्ट मोजायला गेले की बॅटरी सरळ आडवी होते आणि मीटरमधला फ्यूज जळतो. मग मीटर व्होल्ट बरोबर दाखवते पण प्रवाह सदा शून्य सांगते, आणि मुलगा चांगल्या सर्किटावर आळ घेतो. मागचे झाकण काढून तो फ्यूज तपासावा, आणि त्याच आकड्याचा नवा घालावा. तारेचा तुकडा घालू नये.